एकेचाळिसावी चिठ्ठी

मल्लेश्वरमच्या पंधराव्या क्रॉसच्या, म्हणजे आडव्या गल्लीच्या, तोंडाशी एक रिक्षा उभी होती आणि रिक्षावाला जागचा हलायला तयार नव्हता. मागे तीन खोक्यांच्या आड अडकलेला एक उंच मुलगा त्याला हिंदीत शाळेचा पत्ता समजावत होता. पंधरावा क्रॉस म्हणालात, हा पंधरावा क्रॉस, असं रिक्षावाला कन्नडमध्ये परत परत सांगत होता. शाळा होती अठराव्याला.

भार्गवी त्याच शाळेत आठवीला इंग्रजी शिकवायची, आणि आज तिला उशीर झाला होता.

"अण्णा, स्वल्प मुंदे," तिनं हातानं पुढचा रस्ता दाखवला आणि मग कन्नडमध्ये अशी काही सरबत्ती केली की रिक्षावाल्यानं मुकाट गाडी चालू केली.

मुलगा फोनवर मराठीत कुजबुजला, "येतोच... एक बाई माझ्यासाठी भांडतायत. जिंकतीलसं दिसतंय."

"जिंकले," भार्गवी म्हणाली. "सरका की थोडं. मलाही तिथंच जायचंय."

त्याचे कान लाल झाले. "तुम्ही... मराठी?"

"होय की. आम्हाला इथं येऊन चारशे वर्षं झाली."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "वाटत नाही हं तेवढं वय."

ती हसली नाही. निदान तोंड रस्त्याकडे वळवेपर्यंत तरी नाही.

त्याचं नाव राजस. पुण्याचा. एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत कामाला, आणि खोक्यांमध्ये होते टॅबलेट. आठवी-नववीच्या इंग्रजीच्या वर्गांत ते वापरून बघायचे, दर गुरुवारी शेवटच्या बाकावर बसून बाई किती बोलतात, मुलं किती बोलतात, याची नोंद करायची, हे त्याचं काम. सहामाही संपेपर्यंत.

पण भार्गवीच्या टेबलावर होता कॉफीचा जुना पत्र्याचा डबा. तास संपताना प्रत्येक मुलानं आज काय कळलं नाही ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव न घालता, आणि डब्यात टाकायचं. दुसऱ्या दिवशी तास सुरू होताना ती त्यांतल्या दोन-तीन चिठ्ठ्यांची उत्तरं फळ्यावर लिहायची. लाजाळूतलं लाजाळू पोरही त्या डब्याशी बोलायचं.

"हे म्हणजे आमचं अ‍ॅपच झालं," राजस पहिल्या दिवशी म्हणाला. "फक्त चार्जिंग लागत नाही."

"आणि बंदही पडत नाही," भार्गवी म्हणाली. तो इतक्या मोकळेपणानं हसला की त्या दिवशी ती घरी जाताना दोन स्टॉप पुढे जाऊन उतरली.

मग त्या डब्यात एक गंमत सुरू झाली. वर्गात मुलं चाळीस, आणि गुरुवारी चिठ्ठ्या निघायच्या एकेचाळीस. एक जास्तीची, मोठ्या छापील अक्षरांत, इंग्रजीत. 'धड्याच्या गोष्टीतला मुलगा तीन दिवस बस स्टॉपवर नुसता उभा राहिला. त्यानं तिला विचारून का नाही टाकलं?' त्याचं उत्तर भार्गवीनं पुढच्या गुरुवारी फळ्यावर लिहिलं, 'नकाराची भीती वाटते. पण रोज येऊन उभं राहणं हेही विचारणंच असतं.' मग, राजसच्या देखतच, ती म्हणाली, "ती चिठ्ठी ज्यानं लिहिली त्यानं उभं राहा. मला शाबासकी द्यायचीय." कुणी उठलं नाही. शेवटच्या बाकावर राजस खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. कुणा हुशार पोरानं दोन-दोन चिठ्ठ्या टाकल्या असतील, असं तिनं ठरवून टाकलं. चाळीस मुलांची अक्षरं तोंडपाठ असलेल्या बाईनं असं ठरवावं, याला काय म्हणायचं?

खरं सांगायचं तर तिचं लक्ष भलतीकडेच होतं. मुग्धाकडे.

मुग्धा नववीला इंग्रजी शिकवायची. मुंबईहून दोन वर्षांपूर्वी आलेली, चटपटीत. तिनं टॅबलेट पहिल्याच आठवड्यात आपलेसे केले होते. राजस तिच्या वर्गात दोन तास बसायचा, भार्गवीच्या वर्गात एक. मधल्या सुट्टीत मुग्धा म्हणायची, "राजस, यू वोन्ट बिलीव्ह, आज आईनं फोडणीची पोळी शिकवली फोनवर," आणि ते दोघं त्या पोळीवरून असे हसायचे की भार्गवीच्या जेवणाच्या डब्यातला चित्रान्नाचा भात गार व्हायचा. त्यांचं मराठी कसं सरळ धावायचं. आपण तोंड उघडलं की 'बरं'च्या जागी 'सरी', आणि वर 'होय की'. ती गप्प बसायची. आणि गप्प बसून जळायची. तिला मुग्धाचा हेवा वाटत होता, साधा, निखळ, लाजिरवाणा हेवा, आणि तो आईला सांगण्यासारखाही नव्हता.

एका गुरुवारी तास संपला, डबा भरला, आणि ती वर्गाबाहेर आली तर व्हरांड्यात राजस आणि मुग्धा एकाच टॅबलेटवर वाकलेले. मुग्धाचे केस त्याच्या खांद्याला लागत होते. तो बाजूला झाला की नाही, हे बघायला भार्गवी थांबलीच नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच वर्गात परत जाऊन, डबा न उघडताच तिनं तो कपाटावर ठेवून दिला. टॅबलेट आवडतात ना? मग टॅबलेटच.

सोमवारपासून आठवीची मुलं पडद्यावर बटणं दाबू लागली. रंगीत आलेख यायचे. लाजाळू मुलं मात्र परत गप्प झाली.

पुढच्या गुरुवारी राजसनं आल्या आल्या टेबलाकडे पाहिलं.

"डबा कुठाय?"

"तुमचं अ‍ॅप आहे की. डबा कशाला?"

"त्यातल्या चिठ्ठ्या... वाचल्या?"

"वेळ नाही झाला."

त्याचा चेहरा उतरला. "आलेख छान येतोय," तो म्हणाला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला. त्या दिवशी मुग्धा रजेवर होती. म्हणून उतरला असेल चेहरा, भार्गवीनं मनाशी म्हटलं, आणि ते वाक्य दिवसभर तिला टोचत राहिलं.

सहामाहीचा शेवटचा गुरुवार उजाडला. कंपनी राजसला चेन्नईच्या कामावर पाठवत होती, जाणार की नाही ते त्यानं संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. स्टाफरूममध्ये मुग्धा भार्गवीशेजारी येऊन बसली. तिचा आवाज नेहमीसारखा चटपटीत नव्हता.

"एक सांगू? मी आज सकाळी त्याला कॉफीला विचारलं. म्हणजे... कळलं ना, तसं. तो नाही म्हणाला."

भार्गवीला आनंद झाला, आणि झाला म्हणून लाज वाटली.

"म्हणाला, मी एकीला काही विचारलंय, तीन आठवडे झाले, उत्तरच येत नाहीये. आणि तुझ्या वर्गाकडे बघत होता गं."

"मला? मला कुणी काही विचारलेलं नाही."

"मग बघ बाई नीट," मुग्धा म्हणाली आणि वह्या उचलून गेली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. भार्गवी तशीच धावत वर्गात गेली, खुर्चीवर चढली आणि कपाटावरचा डबा काढला. सगळ्यात वर होती ती छापील अक्षरांची चिठ्ठी. या वेळी मराठीत.

'या वर्गात चाळीस मुलं आहेत. एकेचाळिसाव्याला एक गोष्ट कळलेली नाही. मिस सगळ्यांकडे बघतात, माझ्याकडे का नाही? मला त्या फार आवडतात. रिक्षापासून. उत्तर नेहमीसारखं फळ्यावर दिलं तरी चालेल.'

तिनं ती तीनदा वाचली. मग बस स्टॉपची गोष्ट आठवली, नाडी आठवली, आणि तिला स्वतःचा इतका राग आला की हसूच फुटलं.

घंटा झाली. मुलं आली, आणि सगळ्यांच्या मागून राजस. त्यानं टेबलावर डबा पाहिला आणि दारातच क्षणभर थांबला. मग शेवटच्या बाकावर गेला.

भार्गवीनं खडू उचलला. इंग्रजीच्या फळ्यावर तिनं पहिल्यांदाच मराठीत लिहिलं, आपल्या घरच्या मराठीत:

'बघत होते की. तुम्ही दुसरीकडे बघताय असं वाटलं, म्हणून जळत होते. सरी. आता चेन्नईला जायचं नाही.'

हिंदी शिकलेली पोरं ते अडखळत मोठ्यानं वाचू लागली. "मिस, हे कुणाचं उत्तर आहे?" पहिल्या बाकावरच्या अनुषानं विचारलं.

"ज्यानं चिठ्ठी लिहिली," भार्गवी फळ्याकडेच तोंड ठेवून म्हणाली, "त्यानं उभं राहा."

मागे एक बाक करकरला. चाळीस माना वळल्या, आणि मग एकेचाळिसावी, तिची.

राजस उभा होता.