रेडामन्सी

"ए गो! इंजिन बंद कर जरा!"

खाडीकाठच्या घरातून एक तरुण हात हलवत धावत आला. होडीत पर्यटक नव्हते, म्हणून बरं. मी इंजिन बंद केलं.

"कित्याक? खाडी तुझी आसा?"

"खाडी नाय, आवाज माझो आसा." तो हसला. "रेकॉर्डिंग चालू आसा. प्रत्येक शब्दात तुझी होडी भुरभुरता!"

तो प्रेमलताकाकींचा मुलगा, सर्वेश. मुंबईत जाहिरातींना आवाज देणारा. दिवाळीनंतर आमच्या गावी, वालावलला आलेला. खिडक्यांना गाद्या लावून तो एका डिक्शनरीच्या अ‍ॅपसाठी जुने इंग्रजी शब्द बोलत होता. आता खुद्द इंग्रजही बोलत नाहीत असे.

माझ्या आबांचे गुडघे धरल्यापासून त्यांची होडी मीच चालवायचे. त्या दिवसापासून त्याच्या घरासमोर आले, की इंजिन बंद करून वल्हं घ्यायचे. तोही नेमका बाहेर यायचा.

"आज खंयचो शब्द?"

"स्नाउटफेअर. म्हणजे देखणा चेहरा."

"माका कित्याक सांगतस?"

"दुसऱ्या कोणाक सांगू?"

मी पाण्याकडे बघत राहिले. कान तापले होते...

मग ओव्हरमॉरो आला. म्हणजे परवा. एवढा साधा शब्द इंग्रजांनी टाकून का दिला, यावर आम्ही कितीतरी वेळ भांडलो. मग अ‍ॅप्रिसिटी, थंडीतल्या उन्हाची ऊब. ती समजावताना तो होडीत माझ्याशेजारी येऊन बसला, आणि त्याच्या खांद्याची ऊब मला उन्हापेक्षा जास्त जाणवली.

त्याचा आवाज मुळातच जरा बसका होता. मला तो आवडायचा. एके सकाळी मात्र बोलता बोलता तो थांबला, गळ्यावर हात धरला.

"थंड पाणी पिलंस?"

"नाय गो." त्याने हात खाली घेतला. "गळ्यात गाठ आसा. पुढच्या आठवड्यात मुंबईत ऑपरेशन. स्वरपेटी काढतले."

"मगे... आवाज?"

"नाय रवाचो."

वल्हं माझ्या हातातून सुटलं. ते त्यानेच वाकून पकडलं.

"शेवटचो शब्द ऐकतलस?" तो म्हणाला. "रेडामन्सी. आपण जीव लावलेल्या माणसाने उलट आपल्याला जीव लावणं."

"इतको चांगलो शब्द मेलो कसो?"

"तसा घडत नसात फारसा..."

तो माझ्याकडे बघत होता. मी बोलायला हवं होतं. पण तेवढ्यात काठावरून पर्यटकांनी हाक मारली, आणि मी "उद्या बोलूया" म्हणून होडी वळवली. दुसऱ्या दिवशी ताप चढला म्हणून त्याला तातडीने मुंबईला नेलं.

नंतर माझे फोन त्याने उचलले नाहीत. मेसेजही वाचून सोडून दिले. मी ते अ‍ॅप घेतलं आणि दिवसभर होडीत तेच लावून बसायचे. त्याचा आवाज शेकडो शब्द बोलत होता. त्यात माझ्याशी बोललेलं काहीच नव्हतं.

शिमग्याच्या आधी काकी म्हणाल्या, "घराक इलो आसा तो. पण कोणाक भेटणा नाय. तू नको येव, बाय."

मी गेले.

तो पडवीत पाठमोरा बसला होता. गळ्याला मऊ रुमाल. माझी चाहूल लागून तो वळला, डोळे भरले, आणि काहीतरी टाइप करायला घाईने मोबाइल उचलला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"लिहू नको. आधी माझा ऐक." माझाच आवाज थरथरत होता. "माका तू होयो. त्याच दिवशी सांगूक होया होता. नाय सांगलंय..."

त्याने जोरात मान हलवली. नको, नको. स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं. मी त्याचा तो हात धरून ठेवला, सोडलाच नाही. बऱ्याच वेळाने त्याने माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. आवाज नव्हता, नुसते ओठ.

त्याचा तो शेवटचा शब्द मला पहिल्याच खेपेला समजला होता. तरी मी डोळे पुसले आणि म्हटलं,

"नाय समजला... परत सांग."