मतदारसंघातून पूल चोरीला जातो

"आमचा पूल चोरीला गेलाय," खासदारांचा पुतण्या म्हणाला.

"केवढा?" वहिनींनी विचारलं.

"करंगळीएवढा."

वहिनी खासगी तपासाचं काम करायच्या. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, गाडी चालवायचे, दारं उघडायचे आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचे. तिन्ही कामं ते मनापासून करत.

पुतण्याचे काका, सगळ्यांचे आबा, या मतदारसंघाचे कैक वर्षांचे खासदार. आता ती जागा पुतण्याला हवी होती. म्हणून त्यानं सभागृहात मतदारसंघाच्या इतिहासाचं प्रदर्शन मांडलं होतं. भिंतींवर निवडणुकांचे तक्ते, विजयी मिरवणुकांचे फोटो, सरकत गेलेल्या हद्दींचे नकाशे. पडद्याआड मोठ्या टेबलावर सबंध मतदारसंघ प्लॅस्टरमध्ये पसरला होता. दुपारी पक्षाध्यक्ष येणार होते, आणि उमेदवारी कोणाला ते तिथंच ठरणार होतं.

"बसलेल्या बदकासारखा दिसतो," भाऊजी मॉडेल न्याहाळत म्हणाले.

"मागच्या फेररचनेत चोच बसवली," तक्ते लिहिणारे प्राध्यापक म्हणाले. "त्याआधी नुसतं धड होतं. नदीपलीकडचं गाव आधी आत होतं, मग बाहेर गेलं, आता पुन्हा आत आलंय. गाव मात्र जागचं हललेलं नाही."

निळ्या नदीच्या दोन्ही काठांवर पुलाची रिकामी भोकं होती. तिथून बरंच वर, नदीच्या वळणावर, एक चिमुकली लाकडी होडी रोवलेली होती. भाऊजींनी बोट ओलं करून ती उचलली. बोट लाल झालं.

"वहिनी, रक्त!"

"भाऊजी, होडीला रक्त येत नाही. होती तिथं ठेवा." मग त्या पुतण्याकडे वळल्या. "ही होडी तुमची?"

"छे! चोरानंच ठेवली. चेष्टा करतोय."

"पलीकडच्या गावचं कोणी इथं आलं होतं?"

"कसं येणार? पाणी चढलंय, होडी बंद आहे. आमंत्रण पाठवलंय मात्र."

"आणि खरा पूल?"

"प्रस्तावित आहे." पुतण्या खाकरला. "पत्रिकेवर चित्र छापलंय त्याचं. मॉडेलमध्ये नसेल तर अध्यक्षांसमोर माझी शोभा होईल हो."

मॉडेलवाल्याचे हात मनगटापर्यंत लाल होते. भाऊजींनी वहिनींना कोपरखळी मारली.

"मी लावलेला पूल मीच कशाला काढू, ताई?" मॉडेलवाला वैतागला. "सकाळी पलीकडच्या घरांना लाल कौलं रंगवली, चहाला गेलो, परत येतो तर पूल गायब."

"होडी कुठल्या घाटावरून सुटते?"

"घाट आहे का तिथं? मी ती नदी पाहिलेलीच नाही. नकाशावरून केलंय सगळं."

प्राध्यापकांचा राग वेगळा होता. त्यांचा एक तक्ता पुतण्यानं भिंतीवरून उतरवला होता.

"एका निवडणुकीत, मतदानाच्याच दिवशी, होडी उलटली," ते म्हणाले. "पलीकडे मतदान केंद्र नव्हतं. माणसं मत द्यायला अलीकडे येत होती. कोणीही वाचलं नाही."

"सर, उद्घाटनाला असलं कोण लावतं?" पुतण्या म्हणाला.

"म्हणून तो मजकूर मी आबांच्या भाषणात घातलाय. वाचतात की नाही ते बघायचं."

"कुठे उलटली होडी?" वहिनींनी विचारलं.

प्राध्यापकांनी थेट पुलाच्या भोकांमध्ये बोट ठेवलं. "जुन्या वर्तमानपत्रात 'नियोजित पुलाजवळ' असं आहे. मी या भागात नंतर आलो."

आबा शेजारच्या खोलीत भाषण तपासत बसले होते. काठी खुर्चीला टेकवलेली. हातात एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल. चाकूनं तासून तासून तिचं थोटूक उरलं होतं.

"निळी खूण म्हणजे बोलायचं, लाल काट म्हणजे गिळायचं," आबा म्हणाले. "संसदेतला जन्म गेला या पेन्सिलीवर."

एक अख्खा परिच्छेद लाल झाला होता, हे भाऊजींनाही दिसलं.

"मॉडेल पाहिलंत?" वहिनींनी विचारलं.

"गुडघे कुठे उठू देतात, बाई? पडदा उघडेल तेव्हा बघीन. त्या मॉडेलवाल्याला तेवढं सांगा, पलीकडे कौलं नाहीत. पत्रे आहेत."

बाहेर आल्यावर भाऊजी कुजबुजले, "मॉडेलवालाच! हात रंगलेले."

"त्याचा रंग बाहेरून लागेल, भाऊजी. होडीचा लाल तिच्या पोटातून येतोय." वहिनी मॉडेलकडे निघाल्या. "आबांना इकडे आणा. हळू आणा."

सगळे मॉडेलभोवती जमले. होडी वहिनींच्या तळहातावर होती.

"ही पेन्सिलीची कोरलीय. लाल शिसं आत तसंच आहे. पण पेन्सिल कोणीही उचलू शकतं, म्हणून जागा बघा. हे वळण म्हणजे होडीचा घाट. मॉडेलवाल्यांना तो माहीत नाही. प्राध्यापकांनी होडी पुलापाशी ठेवली असती. पुतण्याला तर पूल हवाच आहे. घाट माहीत असलेली पलीकडची माणसं आज नदीपलीकडेच अडकलीत. उरला तो त्या वळणावरून होडीनं प्रचाराला गेलेला माणूस. कौलं आज सकाळीच रंगली, तरी मॉडेलमध्ये पलीकडे कौलं आहेत हे मॉडेल न बघता त्याला ठाऊक आहे."

"काका, तुम्ही?" पुतण्याचा आवाज चिरकला.

आबांनी खिशातून पूल काढला.

"पत्रिकेवर चित्र पाहिलं, त्याच दिवशी होडी कोरायला घेतली. तिथंच बुडाले रे ते. पुलासाठी मला मत द्यायला निघाले होते. पुढच्या वेळी नक्की, असं मी दर वेळी सांगायचो." त्यांनी होडीकडे पाहिलं. "त्यांची मतं पेटीत पडलीच नाहीत. तरी मी निवडून आलो. त्यांच्यावाचून भागत होतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. मग हद्द बदलली, गाव दुसऱ्याच्या गळ्यात पडलं. सुटलो, असं वाटलं मला. त्याची लाज अजून वाटते."

भाऊजींनी आपलं लाल बोट रुमालात गुंडाळलं. आबांनी पूल पुतण्याच्या हातात ठेवला.

"तू ठरव."

बाहेर गाड्यांची दारं वाजली. पुतण्यानं घाईघाईनं पूल भोकांत बसवला, होडी परत वळणावर टोचली आणि नमस्काराला धावला. दोन्ही ठेवलं की कोणी दुखावत नाही, हे राजकारण त्याला न शिकवता येत होतं.

पडदा सरकला. अध्यक्ष वाकून बघू लागले.

"वा! पूलही आणि बोटिंगची सोयही!"

सगळे हसले, टाळ्या झाल्या. पुतण्याचं तिकीट त्या टाळ्यांत पक्कं झालं.

मग आबा बोलायला उठले. चष्मा लावला, कागद समोर धरले, पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. निळ्या खुणा एकेक करून मागे पडल्या. लाल परिच्छेदावर त्यांचं बोट थांबलं आणि तिथून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

टाळ्या थांबल्या. अध्यक्षांनी पुतण्याकडे पाहिलं, पुतण्यानं मॉडेलकडे.

भाऊजी मागच्या रांगेत उभे होते. ऐकावं असं भाषण आबांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच केलं असेल, असं त्यांना वाटलं. पलीकडच्या काठासाठी राखून ठेवलेल्या खुर्च्या मात्र शेवटपर्यंत रिकाम्याच होत्या.