मागे केलेला हात

पोलिक्सेनीची ही शेवटची सहल. तीसुद्धा तिला घ्यायची नव्हती. पण ठरलेली गाइड तापाने पडली, सहलवाल्यांनी फारच गळ घातली, आणि लारिसा शहरातल्या पेन्शनर मंडळाला एका दिवसात थीवा गावाकडची प्राचीन शिल्पं दाखवायचं काम हिच्याकडे आलं. उद्या सकाळी ती पात्रा शहरात लेकीकडे जाणार होती, कायमची. सामान बांधून झालं होतं. आर्गिरिसचा कॉफीचा कप तेवढा ओट्यावर राहिला होता. तो न्यावा की टाकावा, हे काही तिला ठरवता येईना.

आर्गिरिस तिचा नवरा, सहलीच्या याच बसचा ड्रायव्हर. जन्मभर मी गाडी चालवली आणि हिने तोंड, असं तो म्हणायचा. हिवाळ्यात तो गेला. तेव्हा नणंदेने रीतीप्रमाणे पोलिक्सेनीच्या उजव्या हातातली लग्नाची अंगठी काढून डाव्या हातात घातली; उजवा हात सवाष्णीचा, डावा विधवेचा. तिच्या अंगठीत आतल्या बाजूला त्याचं नाव होतं. तिचं नाव कोरलेली त्याची अंगठी मात्र त्याच्या बोटातच राहू दिली. ती त्याच्याबरोबर मातीत गेली.

काल ती कबरीवर जाऊन आली होती. दर शनिवारी तिथल्या दिव्यात तेल घालायला जायची, तशीच. काल तेल जरा जास्तच ओतलं आणि दगडाला म्हणाली, "आता मला यायला जमायचं नाही हं. पात्रा लांब आहे." एवढं बोलून ती लगबगीने निघाली. फाटकाशी आल्यावर मात्र तिला चुटपुट लागली, की आपण उत्तर ऐकायला थांबलोच नाही.

"मावशी, मी काही आत येत नाही," नवा ड्रायव्हर स्ट्रातोस संग्रहालयासमोरच्या तुतीच्या सावलीत बस लावत म्हणाला. "ती हातपाय तुटलेली माणसं बघून मला झोप येते. त्यापेक्षा इथेच झोपतो."

"झोप. पण दार उघडं ठेव, म्हातारी माणसं उन्हात ताटकळतील."

"काका आत यायचे म्हणे?"

"यायचा," ती म्हणाली आणि खाली उतरली.

टळटळीत दुपार होती. गावातली दुकानं बंद, खिडक्यांच्या झडपा लावलेल्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. रातकिडे दिवसाढवळ्या कोकलत होते आणि मधेच सगळे एकदम गप्प होत होते. लहानपणी आई अशा दुपारी तिला विहिरीपाशी जाऊ द्यायची नाही. रात्र झोपणाऱ्यांची असते, दुपार त्यांची असते, असं आई म्हणायची. 'ते' म्हणजे कोण, हे विचारलं की तोंडाला कुलूप.

संग्रहालयाचा रखवालदार प्रोद्रोमोस दारातच भेटला. "या बाई, किती दिवसांनी," तो म्हणाला, आणि सवयीने त्याची नजर तिच्या खांद्यामागे गेली. मग तो ओशाळला आणि किल्ल्या चाचपत बसला. "जरा आटपा हं. बंद करायची वेळ होत आलीय."

मंडळ हौशी होतं. अध्यक्ष असिमिनाबाई, काळ्या पर्सच्या आणि करड्या आवाजाच्या, हातात साखर भुरभुरलेल्या लोकुमच्या वड्यांचा डबा घेऊन सगळ्यांच्या पुढे. रंगवलेल्या सुरया पाहून झाल्या. संगमरवरी उघड्या तरुणासमोर एक आजोबा बराच वेळ रेंगाळले.

"काय बघता एवढं?" असिमिनाबाईंनी हटकलं.

"मी असाच दिसायचो."

"हो तर. नाक तुटलेलं तेवढं सारखं आहे."

सगळे हसले. पोलिक्सेनीही हसली. हसताना तिला नेहमी मागून एक जास्तीचं हसू ऐकू यायचं, घोगरं, सगळ्यांचं संपल्यावर उरणारं. आज ते आलं नाही. घरी एकटं बसण्यापेक्षा माणसांच्या घोळक्यात एकटं असणं जास्त लागतं, हे तिला या वर्षी कळलं होतं.

शेवटचं दालन कबरींवरच्या शिळांचं. हिवाळ्यानंतर तिने एकाही गटाला ते दाखवलं नव्हतं. काहीतरी सबब सांगून ती माणसांना बाहेर काढायची. पण आज असिमिनाबाई आधीच आत शिरल्या होत्या.

"ही कोण हो बाई? अन् हा तिचा हात का धरतोय?"

शिळेवर एक स्त्री खुर्चीत बसलेली होती. समोर पुरुष उभा. दोघांनी उजवे हात एकमेकांच्या हातात दिलेले. चेहरे शांत, जणू दोघांपैकी एकाला फक्त बाजारात जाऊन यायचंय. या दगडापाशी पोलिक्सेनी आणि आर्गिरिसचा एक खेळ ठरलेला होता. ती रखवालदाराच्या खुर्चीवर शिळेकडे तोंड करून बसायची आणि न बघता उजवा हात मागे करायची. दाराशी उभा असलेला आर्गिरिस पुढे येऊन तो धरायचा. मग ती लोकांना विचारायची, यातलं मेलेलं कोण? आणि तो म्हणायचा, मीच, इतकी वर्षं हिचं ऐकतोय. लोक टाळ्या वाजवायचे.

"हा निरोप आहे," ती म्हणाली. पाय भरून आले होते, म्हणून खुर्चीवर बसली. "एक जातोय, एक राहतोय. पण कोण जातोय, ते शिल्पकाराने कुठे सांगितलेलं नाही. हात मात्र असा धरायचा..."

आणि बोलता बोलता, इतक्या वर्षांच्या सवयीने, तिने उजवा हात मागे केला.

हात गेल्यावर तिला चूक कळली. शरमेने कानशिलं तापली. ती हात आवरून घेणार, तेवढ्यात तो कोणीतरी धरला.

स्ट्रातोस आला वाटतं, असं तिने मनाशी म्हटलं. पण तो हात कोरडा होता आणि गार होता, तळघरातल्या दगडासारखा. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता, गियरच्या दांड्याने पडलेला. मागून वास आला, लिंबाच्या कोलोनचा, थोडा डिझेलचा... आणि त्या दोन्हींच्या खाली ओल्या मातीचा.

रातकिडे थांबले होते.

वळून बघायला कितीसा वेळ लागतो. पण पोलिक्सेनी वळली नाही. मागे कोणीच नसेल, याचं तिला भय नव्हतं. मागे भलताच कोणी असेल आणि हा हात त्याचा निघेल, याचं होतं. शिळेतल्या बाईच्या दगडी बोटांवर नजर खिळवून ती बसून राहिली. इतक्या महिन्यांत तिचा हात कोणी असा धरला नव्हता. लोक खांद्यावर थोपटायचे आणि घड्याळ बघायचे.

मग त्या हाताने तिचा डावा हात चाचपला. तिने तोही मागे दिला. बोटांशी काहीतरी चाळा चालला होता, सावकाश, आंधळ्या माणसासारखा...

"यातलं..." तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "यातलं मेलेलं कोण?"



"बसलेली," असिमिनाबाई हलकेच म्हणाल्या. "बसलेलीच... नाही का?"

त्यांची नजर शिळेवर नव्हती, पोलिक्सेनीवर होती.

बाहेर प्रोद्रोमोसने घंटा वाजवली. हात सुटले. पोलिक्सेनी उठून वळली तेव्हा मागे फक्त उघडं दार होतं आणि दारातून आलेला उन्हाचा चौकोन. माणसं निमूटपणे, एकमेकांना वाट देत बाहेर पडली. तिने दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले आणि त्यांच्यामागून चालू लागली. हातांतला गारवा जाईना.

बसमध्ये स्ट्रातोस स्टिअरिंगवर डोकं ठेवून घोरत होता. त्याच्या गालावर चाकाचा वळ उठला होता. तिने त्याला हलवून उठवलं, हात पुन्हा खिशात घातले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. आपण थकलोय, बाकी काही नाही, असं तिने स्वतःला बजावलं. उद्या या वेळी आपण पात्राला असू. नातू मांडीवर असेल, लेक फोतिनी स्वयंपाकघरातून ओरडत असेल. घरात आवाज असतील. तेवढ्यासाठी तर ती निघाली होती.

असिमिनाबाई डबा घेऊन आल्या. "घ्या बाई. एक तुम्हाला, अन् एक तुमच्या यजमानांना."

"कुणाला?"

"ते मागे उभे होते ना, त्यांना. फार चांगला माणूस. काही बोलले नाहीत, पण हात कसा धरला तुमचा. आम्ही आपसांत म्हटलं, यजमानच असणार, परका माणूस असा धरतो का कधी." त्यांनी खिडकीतून बाहेर डोकावलं. "ते यायचेत का अजून?"

"मला यजमान नाहीत," पोलिक्सेनी म्हणाली. "हिवाळ्यातच गेले ते."

असिमिनाबाईंचा चेहरा उतरला. थट्टा केल्यासारखं वाटलं त्यांना. "असं अभद्र कशाला बोलता?" त्या म्हणाल्या. "मघाशी पाहिली मी, अंगठी तर उजव्या हातात आहे तुमच्या."

त्या दोन लोकुम तिच्या मांडीवर ठेवून आपल्या जागेवर निघून गेल्या.

पोलिक्सेनीने खिशातून हात काढले. डाव्या हाताचं बोट उघडं होतं. अंगठीच्या जागी पांढरा वळ तेवढा राहिला होता. उजव्या हातात अंगठी होती, पण तिची नव्हती. ती रुंद होती, बोटात फिरत होती आणि तिच्या कडेला तांबडी माती बसलेली होती. तिने ती काढली, खिडकीशी धरली आणि आतून अंगठ्याने पुसली.

आत 'पोलिक्सेनी' असं कोरलेलं होतं.

"सगळे आले ना, मावशी?" स्ट्रातोसने आरशात बघत विचारलं. "निघू?"

पिशवीत फोन वाजायला लागला. फोतिनीचाच असणार, उद्याची वेळ विचारायला.

"आले," पोलिक्सेनी मागे न बघता म्हणाली.

तिने अंगठी पुन्हा उजव्या बोटात घातली. बस वळली तशी ती सैल अंगठी घसरायला लागली, तेव्हा पडू नये म्हणून तिने मूठ घट्ट मिटली, आणि फोन वाजू दिला.