बारा शब्दांची तिजोरी

"चोरी झाली आहे. कुलूप फुटलेलं नाही, किल्ली हरवलेली नाही, आणि गेलेला माल अजूनही आम्हाला डोळ्यांनी दिसतोय," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

भावोजींनी वहीत 'चोरी' एवढंच लिहिलं. पुढे काय लिहावं ते कळेना, म्हणून त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

वहिनी शांत होत्या. बँकेच्या लॉकर विभागात बावीस वर्षं काढल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत खासगी तपासाचं काम सुरू केलं होतं. भावोजी त्यांचे धाकटे दीर, टपालखात्यातून निवृत्त झालेले. अक्षर मोत्यासारखं, पण डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागे. म्हणून टिपणं ते घेत आणि विचार वहिनी करत.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या. "आणि ह्यांना समजेल असं सांगा. म्हणजे मलाही समजेल."

डॉक्टरीणबाईंनी सांगायला सुरुवात केली. डिजिटल पैशाचं वेड लागलेली चार माणसं दर रविवारी सकाळी जमत. त्या स्वतः, गणिताचे निवृत्त मास्तर, एक कुलूपवाला आणि झेरॉक्सच्या दुकानाचा मालक, ज्याला सगळे 'भट्टी' म्हणत. लोक हसत होते तेव्हापासून, पाच वर्षं, ही चौघं थोडी थोडी नाणी एका सामाईक पाकिटात टाकत होती. बाजारातल्या कुठल्याही छोट्या दुकानदाराला बँकेवाचून डिजिटल पैसे घेता येतील असं एक यंत्र त्यांना बनवायचं होतं. पुढच्या महिन्यात काम सुरू व्हायचं होतं.

"ही नाणी बँकेत नसतात. जगभर हजारो संगणकांवर एकच जाहीर वही असते. कुठल्या पत्त्यावर किती नाणी आहेत, ते त्यात कुणालाही दिसतं. पण ती हलवायची तर किल्ली लागते. आमची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमाने."

"म्हणजे मंत्रच की!" भावोजी म्हणाले.

"तसंच समजा. तो मंत्र एकट्याच्या हाती नको, म्हणून मास्तरांनी युक्ती काढली. पोलादाचे चार पत्रे. प्रत्येकावर बारांपैकी नऊच शब्द, तीन जागा कोऱ्या. प्रत्येकाच्या कोऱ्या जागा वेगळ्या. त्यामुळे कुठलेही दोन पत्रे एकत्र आले की मंत्र पुरा होतो. एकट्याला मात्र काहीच करता येत नाही."

"आणि नाणी कधी गेली?" वहिनींनी विचारलं.

"गुरुवारी सकाळी. एका नव्या पत्त्यावर गेली आणि तिथेच बसून आहेत. कुणाचा पत्ता, ते मात्र वहीत नसतं." त्यांनी पिशवीतून पत्रे ठेवलेल्या चार डब्या काढून टेबलावर मांडल्या. "चौघांकडून मागून आणल्या. ज्याच्या त्याच्याकडे होत्या."

प्रत्येक डबी तारेने बांधलेली होती आणि तारेवर शिशाचं सील होतं. वहिनींनी भिंग लावून चारही सीलं फिरवून फिरवून पाहिली. प्रत्येकावर एक बारीक नक्षीदार खूण होती.

"ही खूण?"

"माझी. दाताच्या ड्रिलने केली आहे. नक्कल करता येणार नाही."

"सीलं शाबूत आहेत. एकही डबी उघडलेली नाही," वहिनी म्हणाल्या. "पण आपापला पत्रा ठोकताना प्रत्येकाने आपले नऊ शब्द पाहिले असणार."

"अर्थात. ज्याने त्याने आपला पत्रा स्वतः ठोकला. बाकीच्यांनी पाठ फिरवली होती. म्हणूनच तर सगळं बिघडलंय. दोघांनी संगनमत करून पाठ शब्द जुळवले, दुसरा मार्गच नाही. आणि आमच्यात अशी जोडी एकच. मास्तर आणि कुलूपवाला बालमित्र आहेत."

"तुमचा स्वतःचा संगणक?"

"दवाखान्यात एक आहे. एक्स-रे उघडायलाही कुंथतो."

भावोजींनी तेही लिहून घेतलं.

*

मास्तरांच्या घरात पुढच्या खोलीची एक अख्खी भिंत फळ्याने व्यापली होती. फळ्यावर एक लांबलचक संख्या लिहिलेली होती.

"चाळीस आकडी आहे," मास्तर म्हणाले. "शब्दांची यादी जाहीर आहे, दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांची. त्यातून बारा शब्द क्रमाने ओळखायचे तर एवढ्या जुळण्या तपासाव्या लागतील. सूर्य विझेल, पण चोराचं काम संपणार नाही."

"परक्या चोराचं," वहिनी म्हणाल्या. "आणि घरच्या माणसाचं?"

"घरचा माणूस चोर कसा असेल, बाई?" मास्तर केविलवाणं हसले. मग खाली मान घालून म्हणाले, "पण झाला आहे खरा. मी माझे शब्द कुणाला सांगितले नाहीत. माझी युक्ती चुकणार नाही. तेव्हा उरलेल्या तिघांपैकी दोघे. चोरी कळली त्या दिवशी सगळ्यांसमोर हे बोललो आणि पन्नास वर्षांचा मित्र उठून गेला."

कोपऱ्यात त्यांचा संगणक होता, बसकण मारलेल्या म्हाताऱ्या बैलासारखा. तो सुरू होईपर्यंत भावोजींचा चहा पिऊन झाला.

*

कुलूपवाला मान वर न करता बोलत होता. समोर एक प्रवासी बॅग होती, चार आकडी नंबरी कुलपाची.

"मास्तरचं नाव माझ्यासमोर काढू नका. आम्ही एका बाकावर शिकलो. त्याच्या घराची एक किल्ली कायम माझ्याकडे असायची, ती काल परत पाठवली."

"अक्षरांचे ठसे तुमचे, हातोडी तुमची, सीलं तुमची," वहिनी म्हणाल्या.

"जागाही माझीच. म्हणून चोरही मीच?" त्याने बॅगेच्या कुलपावर अंगठा फिरवायला सुरुवात केली. "माझ्याकडे संगणकच नाही. बिलंसुद्धा हाताने लिहितो."

"हे कुलूप कसं उघडणार? गिऱ्हाईक नंबर विसरलंय ना?"

"शेवटचा आकडा विसरलंय. पहिले तीन पक्के आठवतात. चारही विसरलं असतं तर दहा हजार वेळा फिरवावं लागलं असतं. आता फार तर दहा वेळा." सातव्या खेपेला कुलूप खट्‌कन उघडलं. "बघा. हातासरशी काम झालं."

वहिनी त्या उघड्या कुलपाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या, असं भावोजींना वाटलं.

*

भट्टीचं नाव भट्टी का पडलं, ते जिन्यातच कळलं. दुकानाच्या वरच्या खोलीत मांडणीवर आठ यंत्रं घरघरत होती आणि दारातूनच गरम झोत अंगावर येत होता. भट्टी तिशीतला, हसतमुख, हात झाडून बोलणारा. मांडणीच्या वर दोरी बांधून त्याच्या आईने टॉवेल वाळत घातले होते.

"ही यंत्रं काय करतात?" भावोजींनी विचारलं.

"कोडी सोडवतात, काका. कोडी नेटवरून येतात. सुटली की थोडी नाणी मिळतात. नेट गेलं की कोडी बंद, यंत्रं गप्प, आणि ही खोली इतर खोल्यांसारखी गार."

भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये रोजच्या चौकोनात पेन्सिलीने छोटे छोटे सूर्य काढलेले होते. गेल्या रविवारपासून बुधवारपर्यंत मात्र चार फुल्या होत्या. गुरुवारी परत सूर्य.

"हे आईचं काम," भट्टी म्हणाला. "यंत्रांनी काही आणलं की सूर्य, नाही तर फुली. त्या चार दिवसांत केबल तुटली होती. नेटच नव्हतं."

"गुरुवारी सकाळी कुठे होता?"

"खाली दुकानात. दहा गिऱ्हाइकं साक्षीला आहेत."

निघताना आई जिन्यापर्यंत आल्या. "त्याला कशात अडकवू नका हो. साधा आहे. घराला किती मदत होते त्याची! पाहुणे येऊन गेले, सात चादरी धुतल्या. बुधवारी दिवसभर आभाळ भरलेलं. पण ह्याच्या खोलीत टाकल्या आणि तासाभरात कडकडीत वाळल्या."

"भाग्यवान आहात," वहिनी म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर भावोजींनी वहीतली चादरींची ओळ खोडायला पेन काढलं.

"राहू द्या ती," वहिनी म्हणाल्या. "आणि उद्या दहाला सगळ्यांना मास्तरांच्या घरी बोलवा. त्याआधी मला भाचीला एक फोन करायचाय. ती संगणकातली आहे."

"वहिनी, चोर सापडला?"

"सापडला. मास्तरांना कसं सांगायचं, तेवढं सापडायचंय."

*

रविवारी दहाला चौघंही आली. कुलूपवाला दाराजवळ बसला, मास्तर फळ्याजवळ. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली," वहिनींनी सुरुवात केली. "चोरी करायला दोन माणसं लागतात. एकदा हे मानलं की बालमित्रांवर संशय आलाच. म्हणून मी आधी तेच तपासलं. मास्तर, फळ्यावरची संख्या कोणासाठी आहे?"

"चोरासाठी."

"ज्याला एकही शब्द माहीत नाही, अशा चोरासाठी. तुमच्यापैकी प्रत्येकाला नऊ शब्द माहीत होते, आणि कोऱ्या जागा कुठल्या तेही. आता फक्त तीन शब्दांसाठी गणित मांडा."

मास्तरांनी खडू उचलला. दोन हजार अठ्ठेचाळीस गुणिले दोन हजार अठ्ठेचाळीस, पुन्हा गुणिले दोन हजार अठ्ठेचाळीस. उत्तराखाली रेघ मारून त्यांनी ते पुन्हा एकदा तपासलं.

"सुमारे आठशे एकोणसाठ कोटी," ते हळूच म्हणाले.

"केवढी मोठी आहे की!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माणसासाठी मोठी आहे," कुलूपवाला दारातून म्हणाला. त्याचा चेहरा बदलला होता. "यंत्रासाठी नाही. अरे, हे तर माझ्या बॅगेचं कुलूप! आठवत नाही तेवढंच फिरवायचं."

"बरोबर," वहिनी म्हणाल्या. "मग सीलं शाबूत राहिली यात नवल नाही. चोराला दुसऱ्या डबीची गरजच नव्हती. आपले नऊ शब्द आणि रात्रंदिवस न थकणारी यंत्रं एवढं पुरे होतं. मास्तरांचा संगणक चहा संपला तरी सुरू होत नाही. डॉक्टरीणबाईंचा एक्स-रे उघडताना कुंथतो. कुलूपवाल्यांकडे तो नाहीच."

भट्टी हसला, पण ओठांनीच. "यंत्रं माझ्याकडे आहेत म्हणून मी चोर? यंत्रं तर भाड्यानेही मिळतात."

"मिळतात. म्हणून तेवढ्यावर मी थांबले नाही. रविवार ते बुधवार तुमच्या यंत्रांनी एकही नाणं आणलं नाही. का?"

"सांगितलं ना, नेट नव्हतं."

"आणि नेट नसलं की यंत्रं गप्प बसतात, खोली गार पडते. हेही तुम्हीच सांगितलंत. भावोजी, चादरींची ओळ वाचा."

भावोजींनी घसा खाकरून वाचलं. "बुधवारी दिवसभर आभाळ भरलेलं. सात चादरी खोलीत टाकल्या, तासाभरात कडकडीत." वाचता वाचता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अहो, गार खोलीत वाळतील कशा?"

"नाहीच वाळणार. यंत्रं चारही दिवस तापलेली होती, पण कमाई शून्य. म्हणजे ती नेहमीची कोडी सोडवत नव्हती, दुसरंच काही तरी शोधत होती. किल्लीची एकेक जुळणी तपासणं मुद्दाम वेळखाऊ ठेवलेलं असतं. माझ्या भाचीच्या मते अशी आठ यंत्रं सेकंदाला पंचवीसएक हजार जुळण्या तपासतील. मास्तर, भागा."

खडू पुन्हा फळ्यावर चालला.

"तीन लाख त्रेचाळीस हजार सेकंद," मास्तर म्हणाले. मग दिवस काढले आणि खडू ठेवून दिला. "चार दिवस. जास्तीत जास्त."

"रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार," वहिनी म्हणाल्या. "गुरुवारी सकाळी नाणी गेली, आणि त्याच दिवशी कॅलेंडरात सूर्य परत आला."

भट्टीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मला फक्त दाखवायचं होतं," तो शेवटी म्हणाला. "मी म्हणायचो ना, युक्ती कच्ची आहे. दोनदा म्हणालो. मास्तर म्हणाले, गणित शिक आणि मग बोल. सगळे हसले. ठरवलं, उघडून दाखवतो. बुधवारी संध्याकाळी शब्द सापडले. आईला सांगायला उठलो आणि सांगितलं नाही. गुरुवारी वाटलं, हलवून ठेवू, रविवारी सांगू. मग तुम्ही दोघं एकमेकांवर ओरडायला लागलात आणि मी गप्प राहिलो. वाटलं, गप्प राहिलो तर ती माझीच आहेत."

"पोलीस," डॉक्टरीणबाई ठामपणे म्हणाल्या.

"ते तुम्ही ठरवा. माझा अहवाल आहे तसा लिहिला जाईल, एक शब्द कमी होणार नाही," वहिनी म्हणाल्या. "पण आधी नाणी परत आणा. आणि ह्यांच्या आईला ह्यांनी स्वतः सांगायचं. माझ्याकडून किंवा तुमच्याकडून कळता कामा नये."

भट्टीने मान हलवली आणि फोन काढला. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे नवा पत्ता तयार केला. त्याची किल्ली चौघांपैकी कुणालाही एकट्याने वापरता येणार नाही अशी, भाचीने फोनवर शिकवलेल्या रीतीने. वीस मिनिटांनी जाहीर वहीत नाणी परत दिसली, एकही न घटता.

तेवढ्यात मास्तर उठले. थेट दाराजवळ गेले.

"तुझ्यावर आळ घेतला," ते कुलूपवाल्याला म्हणाले. "आणि चूक माझ्या गणितात होती. ह्या पोराने दोनदा सांगितलं, तेही ऐकलं नाही."

"शाळेतही तू हातचा विसरायचास," कुलूपवाला म्हणाला. "बाई ओरडायच्या, आणि तू म्हणायचास, उत्तर पुस्तकात चुकलंय."

मास्तर हसले आणि त्यांनी डोळे पुसले. मग ते संगणकासमोर बसले. जगभरचे डिजिटल पैशाचे वेडे जिथे एकमेकांशी बोलत, त्या चर्चास्थळावर चार वर्षांपूर्वी त्यांनीच आपली युक्ती मोठ्या अभिमानाने मांडली होती. तिच्याखाली त्यांनी लिहायला घेतलं. आपली चूक, तीन शब्दांचं गणित, चार दिवस. भट्टीचं नाव त्यांनी लिहिलं नाही, पण 'आमच्यातल्या सगळ्यात धाकट्याने आधीच सावध केलं होतं' हे लिहिलं. शेवटी स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

"लोक हसतील, मास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हसू देत. ही युक्ती वाचून आणखी कोणी तिजोरी बांधली असेल तर?"

भावोजी वही मिटून निघण्याच्या तयारीत होते. पाऊण तासाने पडद्यावर पहिलं उत्तर उमटलं. मास्तरांनी चष्मा लावला आणि ते मोठ्याने वाचलं:

"आम्ही पाच जणांनी तुमचं वाचून असेच पत्रे बनवले होते. त्यात आमच्या सगळ्यांची आयुष्यभराची पुंजी आहे. आत्ताच हलवतोय. उपकार झाले, मास्तर."