हिरवा बाण

मे महिन्यातल्या दुपारी धुळ्यात कोणी विनाकारण बाहेर पडत नाही. डांबर चपलेला चिकटतं, कुत्री नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडून राहतात. तिथल्या मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागातही दुपारी शुकशुकाट असे. पण त्या दिवशी डॉ. जिनल छाजेड थांबली होती. दुसऱ्या दिवशी तपासणी समिती येणार होती, आणि त्याआधी तुंबलेले रिपोर्ट हातावेगळे करायचे होते. विभागप्रमुखाच्या खुर्चीत ती नवीनच होती. आल्या आल्या तिने दाराबाहेर फलक लावून घेतला होता: ‘आमचे ध्येय – अचूक निदान, वेळेत निदान.’

तिच्या आधी त्या खुर्चीत डॉ. अभिमन वारके बसायचे. वारके सरांचं निदान चुकलं असं कोणी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्याच हाताखाली जिनल शिकली. आणि तिनेच एकदा डीनच्या केबिनमध्ये, दार लोटून, हळूच सांगितलं होतं, “सरांना आता नीट दिसत नाही.” तिला तसं कुठेच आढळलं नव्हतं. खुर्ची हवी होती, म्हणून ती बोलून गेली. सरांनी एका शब्दाने विचारलं नाही. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन ते सावद्याला निघून गेले.

सरांचा मायक्रोस्कोप मात्र तिथेच होता. समोरासमोर बसून दोघांनी एकच स्लाइड बघायची, असा. प्रमुखाच्या बाजूला एक बारीक खटका. तो फिरवला की काचेखाली हिरव्या उजेडाचा छोटा बाण सरकतो आणि समोरच्या विद्यार्थ्याला कुठे बघायचं ते कळतं.

जिनलने पुढची स्लाइड लावली. चाळीसगावकडची कोकिळा नावाची बाई, छातीतली गाठ. तिची सासू भागाबाई सकाळपासून बाहेर बाकावर बसून होती. जिनलने वरवर नजर फिरवली. साधी गाठ. तिने पेन उचललं.

बाण हलला.

तिचा हात खटक्यावर नव्हता. बाण सावकाश, एखादं म्हातारं माणूस भिंतीचा आधार घेत चालतं तसा, कोपऱ्याकडे सरकला आणि थांबला. तिने तो मधे आणून ठेवला. तो पुन्हा निघाला... त्याच कोपऱ्याकडे.

पंखा घरघरत होता. स्पिरिट आणि फॉर्मलिनचा रोजचा वास होता, पण त्यात आता ओल्या मातीचा कुबट वास मिसळला होता. एवढ्या कोरड्या उन्हाळ्यात कुठून येणार ओल? तिने मान वर केली. समोरचं स्टूल रिकामं होतं. पण समोरच्या दोन्ही भिंगांवर वाफ धरली होती. कोणीतरी अगदी डोळे टेकून श्वास सोडावा, तशी. तिच्या देखत ती वाफ विरली... आणि पुन्हा धरली.

बाणाने दाखवलेला कोपरा बघायला काय लागलं असतं? पण तिने बघितलं नाही. भीती तर होतीच, पण भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं: मला कोण शिकवणार आता? तिने बाणाचा दिवा बंद केला, ‘साधी गाठ’ असं लिहून सही केली आणि कागद स्वतःच बाहेर नेऊन दिला.

“बठ्ठं चांगलं शे ना ताई?” भागाबाईने विचारलं.

“हो, सगळं चांगलं आहे. काळजी करू नका.”

म्हातारी तिच्या पाया पडली.

दुसऱ्या दिवशी समिती आली. विभागाचं काम दाखवायला मायक्रोस्कोप मोठ्या पडद्याला जोडलेला होता, बाणाचा दिवाही कोणीतरी लावून ठेवला होता. कालची स्लाइड तशीच भिंगाखाली राहिली होती. जिनलला त्याची आठवण झाली तेव्हा पडदा उजळला होता, आणि सगळ्यांच्या देखत बाण कोपऱ्याकडे निघाला होता. तिचे दोन्ही हात मागे बांधलेले होते. पण तिकडे कोण बघतो?

समितीतले एक वयस्कर डॉक्टर पुढे झुकले. “अरे वा! एवढासा कॅन्सर, कडेला लपलेला. मॅडम, नजर आहे तुमची. शंभरात नव्व्याण्णव जणांच्या हातून सुटला असता.”

“थँक यू, सर,” जिनल म्हणाली.

टाळ्या वाजल्या. त्या आवाजाने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समिती जाताच तिने चाळीसगावला फोन लावला. कोकिळाला परत बोलावलं, ऑपरेशन वेळेत झालं. “तुम्हीच पाहिलं म्हणून वाचनी,” म्हणत भागाबाई पुन्हा पायाशी वाकली, तेव्हा जिनलने पाय मागे ओढले. डीनना तिने खरं सांगून टाकलं, की पहिला रिपोर्ट तिचाच, आणि चुकीचा. ते हसले. “तपासणी छान झाली ना? आता कशाला उकरता!”

मग ती सावद्याला गेली. केळीच्या बागांमागे सरांचं घर होतं. दार त्यांच्या पत्नीने, लताबाईंनी उघडलं. सर ओसरीत खुर्चीवर बसले होते. तिचं नाव ऐकून त्यांनी मान वळवली, पण तिच्याकडे नाही, दाराच्या चौकटीकडे. त्यांना काहीच दिसत नव्हतं.

जिनल त्यांच्या पायाशी बसली. डीनच्या केबिनपासून टाळ्यांपर्यंत सगळं तिने सांगितलं. “मी खोटं बोलले होते सर. आणि तरी तुम्ही मला वाचवायला...”

“मी?” सर म्हणाले. आत लताबाईंच्या भांड्यांचा आवाज थांबला. मग ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “तू खोटं बोलली नव्हतीस, पोरी. दिसायचं मला कधीच बंद झालं होतं. नुसता हिरवा ठिपका कळायचा. तो जिथे थांबेल तिथलं वर्णन तुम्हा पोरांकडून वदवून घ्यायचो आणि सही करायचो. लोक माझ्या नजरेचं कौतुक करायचे. मी ऐकून घ्यायचो.”

“मग तो बाण... कोण फिरवतं, सर?”

“विचारलं नाही कधी.” त्यांनी मान खाली घातली. “लाज वाटायची. कोणत्या तोंडाने विचारणार?”

ती परतली ती मनाशी ठरवून. बाणाचा दिवा तिने स्वतःच्या हाताने काढला, कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या दुपारी भिंगाला डोळे लावून ती प्रत्येक कोपरा बघत बसली. सावकाश, पहिल्या वर्षाच्या मुलीसारखी. मन कधी नव्हे ते शांत झालं होतं.

आणि मग काचेखाली तो हिरवा बाण उमटला.

या वेळी तो कुठल्याच पेशीकडे गेला नाही. तो जागच्या जागी फिरला, फिरत फिरत त्याचं टोक समोरच्या बाजूकडे आलं आणि तिथे स्थिरावलं. समोरच्या स्टुलाकडे. ओल्या मातीचा वास दाटला. समोर कोणीतरी श्वास घेत होतं... आणि वाट बघत होतं.

जिनलने मान वर केली नाही. विभागातले लोक सांगतात, मॅडम हल्ली दुपारभर तशाच बसतात, खाली मान घालून. हाक मारली तर ओ देतात. पण मान वर करत नाहीत; समोरच्या माणसाला आधी जाऊ द्या, म्हणतात.