भावाच्या वाटचं जेवण

मृण्मयी कुंभोजकरनं बँकेत दुपारी डबा उघडला की आजूबाजूची माणसं आवाज खाली आणत. "जेवू दे तिला, ती वाढपी आहे," असं कुणीतरी नव्या माणसाच्या कानात सांगे. त्या दशकात हा शब्द लग्नाच्या पंगतीतून उठून थेट दवाखान्यात जाऊन बसला होता. स्वतः जेवून दुसऱ्याला तृप्त करतो तो वाढपी. दुपारी मृण्मयी सांगलीत जेवायची आणि तिचा धाकटा भाऊ शार्दूल मिरजेत घरी तृप्त व्हायचा. निदान व्हायला हवा होता.

शार्दूल तंबोरे बनवायचा. भोपळ्यावर तबकडी बसवण्यापासून तारा झणकाराव्या म्हणून घोडी घासून जवारी लावण्यापर्यंत सगळं काम जमिनीवर मांडी घालून करायचं, आणि गेली काही वर्षं त्याला खाली बसता येत नव्हतं. बसलाच तर उठवायला दोन माणसं लागत. चाळिशीच्या आतच त्याचं हृदय थकलं होतं. आजवर निघालेली औषधं त्याला सोसली नव्हती आणि मोठी शस्त्रक्रिया झेपणार नव्हती. वर्षभरात वजन उतरलं नाही तर काय होईल, हे डॉक्टरांनी त्याला बाहेर पाठवून मृण्मयीला सांगितलं होतं. तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता.

"आळशी, खादाड, जिभेवर ताबा नाही. हे सगळं ऐकून झालंय ना तुमचं?" डॉ. सानिया तांबोळींनी पहिल्याच भेटीत शार्दूलला विचारलं होतं.

शार्दूल कसनुसा हसला. "शाळेपासून."

"मग आता ते विसरा. पोट रिकामं झालं की जठर रक्तात एक रसायन सोडतं. मेंदूच्या तळाशी एक छोटंसं केंद्र आहे, त्याला ते कळतं आणि भूक लागते. पोट भरत आलं की आतडी वेगळी रसायनं सोडतात आणि पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतून निरोप जातो, पुरे. तुमच्या केंद्राला हा 'पुरे' ऐकूच येत नाही. तुम्ही जेवून हात धुता, तेव्हा तुमच्या मेंदूच्या लेखी तुम्ही अजून पाटावर बसलेलेच नसता."

त्यावरचा उपाय म्हणजे सहतृप्ती. लोक त्याला सरळ 'पंगत' म्हणत. सख्ख्या नात्यातल्या निरोगी माणसाच्या बरगडीखाली एक चकती बसवायची. त्याच्या पोटातून मेंदूकडे निघालेला प्रत्येक निरोप ती टिपते, आणि रुग्णाच्या नसेवर बसवलेली दुसरी चकती तोच निरोप त्याच क्षणी, मोठ्या आवाजात, त्याच्या मेंदूला ऐकवते.

"मग एकदाच नोंदवून रोज तोच का नाही वाजवत?" शार्दूलनं विचारलं होतं. रोज तारा जुळवणाऱ्या माणसाला ही शंका येणारच.

"करून बघितलंय. शिळा निरोप मेंदू ओळखतो. जिवंत माणूसच लागतो."

"पण लवकर होईल ना हो?" आई मध्येच म्हणाली. वैशालीकाकूंना, म्हणजे या दोघांच्या आईला, कुठलीही गोष्ट लवकर व्हायला हवी असे.

"नाही, काकू. हळूहळूच व्हायला हवं. घाईनं उतरवलं तर पित्ताशयात खडे होतात, स्नायू झिजतात, आणि यांचं हृदय आधीच दमलेलं आहे. साधं घरचं जेवण, थोडं चालणं, आणि वेळेवर आलेलं 'पुरे', एवढंच. मात्र एक आहे. ही पंगत बसली की वर्षभर मध्येच मोडता येत नाही. शरीराला वाटतं दुष्काळ पडला, आणि भूक अशी उसळते की माणूस स्वतःला इजा होईपर्यंत खात सुटतो." मग त्या मृण्मयीकडे वळल्या. "तुमची जेवणं वेळेवर असतात ना?"

"हो, अगदी वेळेवर," मृण्मयी म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती.

पहिला महिना छान गेला. शार्दूल दोन भाकऱ्यांवर थांबला, तेव्हा आईनं पदरानं डोळे टिपले. पुढच्या महिन्यात मात्र गाडी बिघडली. एका सोमवारी त्यानं कुकरमधला सगळा भात संपवला. पोट दुखायला लागलं, तो घामाघूम झाला, तरी हात थांबेना. "ताई, भूक जात नाही गं," तो फोनवर म्हणाला, "आत कुणीतरी ओरडतंय." दुसऱ्या दिवशी स्वारी शांत. पुन्हा शनिवारी तोच प्रकार.

आईला वाटलं, सवय उफाळून आली. तिनं स्वयंपाकघराला कुलूप लावलं. त्यावरून घरात असा तमाशा झाला की शेजारच्या घरातले दिवे लागले. "मी काय चोर आहे?" शार्दूल ओरडला, आणि धाप लागून दारातच बसला. मृण्मयीनं शेजाऱ्याला हाक मारून त्याला उठवलं. हा आपल्या डोळ्यांदेखत जाणार, हा विचार मनातून जाईना.

आई तिला बाजूला घेऊन म्हणाली, "यंत्रं आपलं काम करतील. आपण आपलं करायचं. माझ्या आजीनं, आईनं, सगळ्यांनी हेच केलं. घरच्या माणसावर वेळ आली की अन्न सोडायचं. मला ही मेली साखर नसती तर मीच केलं असतं."

मृण्मयी आधीपासून सोमवार करतच होती, पण साबुदाण्याची खिचडी खाऊन. पहिला महिना नीट गेल्यावर, भावाला आणखी आराम पडावा म्हणून, तिनं शनिवारही धरला आणि फराळ सोडला. कुलपाच्या प्रकरणानंतर ती गुरुवारही करू लागली. साबुदाण्याचे लाड नव्हते. दिवसभर पाणी, संध्याकाळी वाटीभर दूध. तो जितका बेफाम होई, तितकी ती कडक होई. उतरलेलं वजन परत आलं, वर आणखी चढलं. एका गुरुवारी शार्दूलला श्वास पुरेना म्हणून त्याला उचलून रुग्णालयात नेलं.

डॉ. तांबोळी दोन तास त्याच्यापाशी होत्या. त्याचा श्वास सुरळीत झाल्यावर त्यांनी मायलेकींना आपल्या खोलीत बसवलं, चहा मागवला आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"माझं कुठे चुकतंय तेच कळत नाही," त्या म्हणाल्या. "घ्या ना. तोंड उतरलंय तुमचं."

"नको मॅडम. माझा उपास आहे," मृण्मयी म्हणाली.

डॉक्टरांचा कप ओठांपर्यंत गेला होता, तो तसाच खाली आला. "आज?"

"गुरुवार ना. सोमवार, शनिवारही असतो. त्याच्यासाठीच धरलेत."

"मी तुम्हाला विचारलं होतं, जेवण वेळेवर असतं का म्हणून!"

"जेवण असतं तेव्हा वेळेवरच असतं," मृण्मयी गोंधळून म्हणाली. उपास म्हणजे जेवण चुकवणं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. उपास म्हणजे उपास. तो कुणी डॉक्टरला सांगतं होय? "आणि मी जेवले नाही तर निरोप जाणार नाही, एवढंच ना?"

"एवढंच नाही हो. ती चकती सगळंच पाठवते. रिकामं पोट ओरडतं, तेही. तुम्हाला जन्माची सवय आहे, तुम्ही ते दाबून कामाला लागता. त्याला ते दाबता येत नाही, आणि त्याच्या कानाशी आम्ही आवाज वाढवून ठेवलाय." त्यांनी स्वतःच एक बिस्कीट उचलून तिच्या हातात दिलं. "आधी हे खा. आत्ता, माझ्यासमोर."

मृण्मयीनं ते खाल्लं. तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आई भिंतीकडे बघत बसली होती. खाटेवरच्या शार्दूलला हे कळलं, तेव्हा त्यानं तिच्याकडे मान वळवली. मग म्हणाला, "म्हणजे त्या कुलपाच्या वेळची भूक तुझी होती होय?" आणि त्यानं तिचा हात घट्ट धरला. ती तिथेच ढसाढसा रडली.

त्यानंतर घरातलं वारं फिरलं. आई लेकीला आग्रह करून वाढू लागली. "शार्दूलसाठी एक घास. घे की गं, लाजतेस काय!" असं म्हणत तूप सोडायची. मृण्मयीच्या ब्लाउजच्या शिवणी उसवाव्या लागल्या, आणि शार्दूलचं वजन सावकाश, डॉक्टरांना हवं तसं उतरू लागलं. दिवाळी झाल्यावर एका सकाळी तो आधार न घेता खाली बसला. एक तंबोरा मांडीवर घेतला आणि दुपारपर्यंत जवारी घासत राहिला. आई उंबऱ्यात बसून नुसती बघत होती.

पंगत उठायला तीन महिने उरले होते, तेव्हा एका पहाटे आई झोपेतच गेली.

नातेवाईक यायला लागले. जयसिंगपूरची मावशी येईपर्यंत थांबायचं ठरलं. घरात चूल पेटली नाही. पेटणार तरी कशी? मृण्मयी आईच्या उशाशी बसली होती. तिला तहान नव्हती, भूक नव्हती, वेळेचं भान नव्हतं. मावशी आली, गळ्यात पडून रडली. अकरा वाजून गेले. अंगणात गुरुजी पिंडांसाठी कणीक मळत होते आणि शार्दूल त्यांच्यासमोर पाटावर बसला होता.

तिचं लक्ष गेलं ते त्याच्या हातांकडे. बोटं गुडघ्यांत रुतली होती. चेहरा पांढराफटक, मानेवरून घामाच्या धारा. आणि त्याची नजर आईवर नव्हती, गुरुजींवर नव्हती. ती परातीतल्या कणकेवर खिळली होती. एक हात गुडघ्यावरून निघाला, परातीच्या काठाशी गेला, आणि त्यानं दुसऱ्या हातानं तो मनगटात धरून मागे ओढला. कुणाला काही कळलं नाही. मृण्मयीला मात्र कळलं. काल रात्रीच्या जेवणानंतर तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

तिनं आत जाऊन डॉक्टरांना फोन लावला.

"त्यालाच काही दिलं तर?"

"तो थांबणार नाही, तुम्ही बघितलंय ते. आणि आज त्याला इतकं चालायचंय, उभं राहायचंय. त्याचं हृदय." डॉ. तांबोळी थांबल्या. "तुम्ही जेवा. चार घास नाहीत, पोटभर. निरोप भरल्या पोटाचाच हवा."

"मॅडम, आई अजून घरात आहे."

"मला माहीत आहे. मी तुम्हाला काय करायला सांगतेय, ते मला कळतंय."

स्वयंपाकघरात डब्यात पोळ्या होत्या. काल रात्री आईनं केलेल्या. पातेल्यात दुधीची भाजी. मृण्मयीनं ताट घेतलं आणि ओट्याला टेकून, बाहेरच्या माणसांकडे पाठ करून पहिला घास तोंडात घातला. तो फिरत राहिला. पाण्याच्या घोटाबरोबर तिनं तो ढकलला. दुसरा घेतला.

"मृणू!" मावशी दारात उभी होती. "अगं, दारातून अजून उचललं नाही तिला! जेवतेस काय?"

मृण्मयीचं तोंड भरलेलं होतं. सांगायला थांबलं तर घास थांबला असता. मावशीनं कपाळावर हात मारला आणि ती बाहेर जाऊन आणखी दोघींना काहीतरी म्हणाली. मृण्मयी खात राहिली. एक पोळी संपली. दुसऱ्या पोळीला तिला चव लागली. भाजीत आईच्या हातचं जरा जास्तच असलेलं मीठ होतं, आणि उपाशी पोटाला ती भाजी आवडली. अगदी मनापासून आवडली. त्या क्षणी तिला स्वतःच्या पोटाची किळस आली, तरी ते निवत गेलं, जड होत गेलं, आणि अंगात जेवणानंतरची सुस्ती पसरली.

बाहेर शार्दूलनं लांब श्वास सोडल्याचा आवाज आला. मग "आई!" म्हणून त्यानं फोडलेला हंबरडा सगळ्या घराला ऐकू गेला. सकाळपासून भुकेनं त्याला आईकडे बघूसुद्धा दिलं नव्हतं. आता तो लहान मुलासारखा रडत होता, आणि माणसं त्याला सावरत होती.

मृण्मयी ताट हातात धरून आपलं रडू येण्याची वाट बघत उभी राहिली. ते आलं नाही. पोट भरलं होतं, डोळे जड झाले होते, आणि त्याखाली दुःख कुठे आहे ते तिला सापडेना.

"चला, उचला," अंगणात कुणीतरी म्हणालं.

कृष्णाघाट लांब होता. परत यायला शार्दूलला संध्याकाळ होणार होती, आणि तोवर तिचं पोट रिकामं होऊन चालणार नव्हतं. तिनं तिसरी पोळी ताटात घेतली.