पाऊण तासाचा कांदा

चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिच्या पायांत गोळे आले होते, आणि अजून दोन मजले बाकी होते.

लिफ्ट चार दिवसांपासून बंद होती. पहिल्याच दिवशी कुणीतरी खाली पुठ्ठ्याची पाटी लावली होती, ‘लीफ्टची दुरूस्ती चालु आहे’. आणि इतक्या दमलेल्या अवस्थेतही तिने पर्समधून लाल पेन काढून तिन्ही चुका सुधारल्या होत्या. सवयीला औषध नाही. सहाव्या मजल्यावरच्या एका साप्ताहिकाच्या कचेरीत ती सात वर्षं मुद्रितं तपासत होती, आणि ऱ्हस्व-दीर्घावरून इतक्या जणांशी भांडली होती की सगळे तिला ‘वेलांटी’ म्हणूनच हाक मारत.

कठड्याला धरून ती दम घेत होती, तेवढ्यात बाजूने आवाज आला, “जरा मदत कराल? हे झाकण माझं ऐकत नाहीये.”

अवजारांच्या पेटीला टेकून एक जण पायरीवर बसला होता. गुडघ्यांत थर्मास धरून डाव्या हाताने तो झाकणाशी झटत होता. उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत. तिने झाकण काढून दिलं. त्याने त्यातच चहा ओतला आणि तिच्याकडेच सरकवला.

“घ्या. माझ्यापेक्षा तुम्हाला गरज जास्त दिसतेय.”

“इतकी वाईट दिसतेय का मी?”

“दमलेल्या दिसताय म्हटलं. वाईट कुठे म्हटलं?”

तिने चहा घेतला. चहा गोडमिट्ट होता, पण त्या घटकेला अमृतासारखा लागला. त्याचं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. “लाल शाई… म्हणजे वरच्या साप्ताहिकातल्या तुम्ही! माझी पाटी तुम्हीच तपासलीत!”

“तीन चुका होत्या.”

“चार शब्दांत तीन? मग नापासच झालो की.” तो हसला. हसताना त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणखी खोल दिसली. हाही रात्ररात्र जागणारा दिसतोय, तिला वाटलं.

“हाताला काय झालं? लिफ्ट चावली?”

“लिफ्ट कशाला चावेल, गुणी आहे बिचारी. तुमच्या साप्ताहिकानं भाजलं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय… ‘घरच्या घरी कॅरमलाइज्ड कांदा, फक्त दहा मिनिटांत!’ असं छापलंय तुमच्यात. दहा मिनिटं झाली तरी कांदा तपकिरी, गोड व्हायचं सोडून आपला पांढराफटक. म्हटलं, आपणच कुठेतरी कमी पडतोय. गॅस मोठा केला. मग जे काही झालं… कांद्याचा कोळसा, घरभर धूर, आणि घाईघाईत मी कढईचा तापलेला कान उघड्या हाताने धरला.”

तिने चहा खाली पायरीवर ठेवला. ‘सुगरणीचा कोपरा’ हे पान लिहिणाऱ्या बाई सोडून गेल्यापासून नवीन माणूस घेतलाच नव्हता. ते पान आता वेलांटीच लिहीत होती. तिला स्वतःला चहापलीकडे काही येत नव्हतं. इकडून-तिकडून वाचून ती पाककृती जुळवायची. कांद्याच्या मजकुरात तिने आधी बरोबरच लिहिलं होतं, ‘मंद आचेवर पाऊण तास’. पण चौकटीत दोन ओळी जास्त होत होत्या. संपादक म्हणाले, “पाऊण तास वाचून करणार कोण गं? दहा मिनिटं कर, आचेच्या त्या दोन ओळी उडव.” आठवडाभर दोघांचं काम एकटीने ओढून ती इतकी थकली होती की वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. एका वेलांटीसाठी छपाई थांबवणाऱ्या बाईने दहा मिनिटं मुकाट्याने लिहून टाकली.

“छापलेलं सगळं खरं मानता तुम्ही?” तिने कसंबसं विचारलं.

“लिफ्टमध्ये ‘आठ माणसं’ अशी पाटी असते, ती तुम्ही मानताच ना? मोजून बघता का कधी, दोर किती जणांना पेलतो ते?”

तो सहज बोलून गेला. ती मात्र उरलेले दोन मजले कशी चढली, तिचं तिला कळलं नाही.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने सहा कांदे चिरायला घेतले तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली.

“बरी आहेस ना?”

“कांदा कॅरमलाइझ करून बघतेय.”

“तू? कांदा?” आई आल्या पावली परत फिरली. “लागलं तर हाक मार. पाण्याची बादली भरून ठेवते.”

जाड बुडाची कढई, थोडं तेल, लोण्याचा एक गोळा, उभे चिरलेले काप. कढई शिगोशीग भरली. दहा मिनिटांनी घड्याळात पाहिलं, तर कांदा नुसता मऊ पडून काचेसारखा झाला होता. चिमूटभर मीठ घालून आच तिने आणखी बारीक केली आणि हलवत राहिली. विसाव्या मिनिटाला त्याला वाळक्या गवताचा रंग आला. तिसाव्याला बुडाशी खरपूस थर धरू लागला, तेव्हा तिने चमचाभर पाणी शिंपडलं. चर्र झालं, आणि उलथन्याने खरवडताच तो बुडाचा सगळा तपकिरी रंग कांद्यानेच पिऊन टाकला. मग पुन्हा पाणी, पुन्हा खरवडणं. पंचेचाळिसाव्या मिनिटाला कढईभर कांद्याची मूठभर, दाट, चहाच्या रंगाची गोडी झाली होती.

एवढा वेळ ती एका जागी उभी होती. ना फोन, ना मुद्रितं, ना कुणाची हाक. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आता दोष द्यायला कांदाही चिरून संपला होता.

दुसऱ्या दिवशी ती चौथ्या मजल्यावर थांबली. मुद्दाम.

“हे घ्या,” तिने घडी केलेला कागद पुढे केला. “बरोबर रीत. एका… ओळखीच्या बाईंनी सांगितली.”

त्याने कागद वाचला. “अक्षर बाकी ओळखीच्या बाईंचं सुरेख आहे. शाईसुद्धा लालच वापरतात.”

ती लाजली, आणि लाजल्याचा तिला रागही आला. “करून बघा म्हणजे झालं.”

“बघितलं असतं हो. पण पाऊण तास ढवळायचं, तेही डाव्या हाताने? कढई कोण धरणार? घरात मी आणि ताई, आणि ताईला उठून बसायचीसुद्धा ताकद नाही.” मग जिन्याकडे बघत, एकेका शब्दाला अडखळत तो म्हणाला, “रविवारी तुम्हाला… म्हणजे, ओळखीच्या बाईंना वेळ असला तर…”

“विचारून सांगते त्यांना,” ती म्हणाली. दोन पायऱ्या चढून मागे वळली. “येतील म्हणाल्या.”

रविवारी दुपारी ती त्याच्या घरी पोचली. दोन खोल्या. खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर कापडाचं झाकण, झाकणावर धूळ. पलंगावर त्याची ताई उशीला टेकून पडली होती. महिनाभर लांबलेल्या तापाने तिची पार रया गेली होती, पण जीभ शाबूत होती.

“तूच का ती, माझ्या भावाला शुद्धलेखन शिकवणारी? शिकव बाई. मी अठरा वर्षं शिकवलं, दगडावर पाणी.”

“ताई, तू गप्प पड,” तो आतून ओरडला.

“पडलेलीच आहे की. आणखी किती पडू?”

स्वयंपाकघर एवढंसं होतं की एकाने वळायचं तर दुसऱ्याने श्वास आत ओढायचा. तिने कांदे चिरले, त्याने डाव्या हाताने कढईचा कान फडक्यात धरला. उलथनं तिच्या हातात. कांदा हळूहळू बसत गेला. तिचा दंड त्याच्या बाहीला लागला… तिने बाजूला घेतला… मग पुन्हा लागला, तेव्हा घेतला नाही.

“तुम्ही नेहमी अशाच गप्प असता?” त्याने विचारलं.

“दिवसभर दुसऱ्यांचे शब्द वाचते. माझे उरतच नाहीत.”

“मग माझे घ्या थोडे. अशुद्ध आहेत, पण भरपूर आहेत.”

ती हसली. आणि हसता हसताच तिला ते सहन होईना. हा माणूस आपल्याशी इतका चांगला वागतोय, तोही भाजलेल्या हाताने.

“मला काही सांगायचंय,” ती कढईकडे बघत म्हणाली. “ती दहा मिनिटं… मीच लिहिली होती. ते पान मीच लिहिते. पाऊण तास लागतो हे माहीत असून लिहिलं. दोन ओळी वाचवायला.”

त्याचा हात कढईवर तसाच राहिला. तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजातली मस्करी कुठल्या कुठे गेली होती.

“डॉक्टर म्हणाले होते, जे मागेल ते थोडं थोडं द्या. पण ताई काही मागायचीच नाही. पाणीसुद्धा नको म्हणायची. त्या दिवशी ते पान वाचून पहिल्यांदा म्हणाली, असा कांदा पावावर घालून दे रे धाकट्या. आणि मी… घरभर धूर करून ठेवला. तिला खोकल्याची उबळ आली. नंतर तिने पुन्हा काही मागितलं नाही. मला वाटलं, माझ्याच हाताला गुण नाही.”

तिने उलथनं कट्ट्यावर ठेवलं. “मी निघते.”

“जाताय कुठे?” तो तुटकपणे म्हणाला. “अजून पंचवीस मिनिटं आहेत. मला एका हाताने जमणार नाही.”

मग ती ढवळत राहिली, तो कढई धरून राहिला. पाणी शिंपडायची वेळ झाली की तो चमचा पुढे करी, ती न बघता घेई. एकदा तिच्या कपाळावरची बट तोंडावर आली आणि तिचे दोन्ही हात गुंतलेले. त्याने कढई सोडली, एका बोटाने बट मागे सारली आणि पुन्हा कढई धरली. चेहऱ्यावरचा राग मात्र तसाच होता.

बाहेरून ताईचा आवाज आला, “काय रे… वास कसला येतोय एवढा छान?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

भाजलेल्या पावाच्या तुकड्यावर चमचाभर कांदा. ताईने एक घास घेतला, डोळे मिटून चावला. दुसरा घेतला. तिसऱ्याला म्हणाली, “जरा जास्त घाल की, प्रसाद वाटल्यासारखं काय देतोस!” तो लगबगीने आत आला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि पट्टी बांधलेल्या हाताने डोळे पुसू लागला. वेलांटीने हळूच त्याच्या हातातली बशी काढून घेतली आणि स्वतःच कांदा वाढून बाहेर नेला.

संध्याकाळी तो तिला बसथांब्यावर सोडायला आला. रस्त्यावर वर्दळ नव्हती, वाऱ्यावर कागदाचे कपटे फिरत होते. दोघं बाकावर बसली.

“पुढच्या अंकात चूकदुरुस्ती जातेय,” ती म्हणाली. “‘दहा मिनिटे नव्हे, पाऊण तास.’ माझ्या नावानिशी. संपादकांना विचारलेलं नाही. बहुतेक ओरडतील.”

“ओरडू देत. तुम्हीही ओरडा. तुमच्याशिवाय त्यांचं पान निघणार आहे का?” मग थोड्या वेळाने, “मला अजून राग आहे तुमचा.”

“असणारच.”

“पण तो घेऊन एकट्याने घरी जायचं जिवावर आलंय.” तो समोरच्या बंद दुकानाकडे बघत होता. “हे मी आज बोलणार नव्हतो… लिफ्टचा भाग परवाच आला होता. एका दिवसाचं काम. मी उगाच रेंगाळतोय. रोज साडेदहाला चौथ्या मजल्यावर थर्मास घेऊन बसतो. तुम्ही येईपर्यंत झाकण उघडत नाही.”

ती ताठ बसली. “सगळी कचेरी सहा-सहा मजले चढतेय, आणि तुम्ही…”

“दोनच दिवस झाले. उद्या चालू करतो.” तो ओशाळला. “दमलं की माणूस भलतंसलतं बोलून जातं. सोडून द्या.”

“नाही सोडणार,” ती म्हणाली. आवाज इतका हळू की वाऱ्यानेच नेला असता. “मीही दोन दिवस घरून दहा मिनिटं लवकर निघतेय. चौथ्या मजल्यावर जरा जास्त बसता यावं म्हणून.”

त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. पट्टीतून बाहेर आलेली बोटं बाकावर तिच्या हाताशेजारी टेकली. तिने आपली करंगळी त्यांच्यावर ठेवली, अगदी हलकेच, दुखू नये अशी. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण अंगात तेवढं बळ नव्हतं, आणि घाई तर मुळीच नव्हती.

“पाच मिनिटं डोळे मिटू?” तिने विचारलं. “बस आली की उठवाल ना?”

“उठवतो. मिटा तुम्ही.”

तिने डोळे मिटले, आणि सात वर्षांचा शीण एकदम अंगावर आल्यासारखी तिची मान त्याच्या खांद्यावर कलली. बस आली. ड्रायव्हरने मानेनेच विचारलं, येताय का? त्याने मानेनेच नाही म्हटलं. आणखी एक आली आणि गेली. त्याचा खांदा अवघडला, पण तो हलला नाही.

ती जागी झाली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते.

“बस नाही आली?”

“आल्या. दोन.”

“अरे देवा… मग उठवलं का नाहीस?”

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. त्याच्याही आलं. ‘तुम्ही’ झोपेत कुठेतरी गळून पडलं होतं. ती क्षणभर गोंधळली, सावरून घ्यावं म्हणून तिने तोंड उघडलं… आणि मिटलं. सावरायचं तरी कशाला?

“तू दमली होतीस,” तो म्हणाला. त्यातला पहिला शब्द त्याने इतक्या जपून उच्चारला, जणू तो तिच्या हातातच ठेवत होता.

वळणावर तिसऱ्या बसचे दिवे दिसले. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.